भंगचित्रण

फुटणाऱ्या, तडकणाऱ्या अथवा विखुरणाऱ्या वस्तूची नेत्रांस अगोचर अशी क्षणावस्था अत्यल्पकालिक प्रकाशाच्या साहाय्याने स्थिर प्रतिमेत बद्ध करणारी अतिवेग छायाचित्रणाची शाखा. तिचा उगम प्रयोगशाळेत झाला. १८५१ साली टॅल्बट या छायाचित्रणाच्या आद्य संशोधकाने वेगाने फिरणाऱ्या चाकावरील छापील कागदाचे चित्र विद्युत्-ठिणगीच्या उजेडात घेतले आणि १८८० नंतरच्या दशकात माख व झाल्शर या पदार्थवैज्ञानिकांनी धावत्या गोळीभोवतीची आघातलहर टिपली. परंतु हे सर्व पदार्थविज्ञानाच्या कामी सादर केलेले पुरावे होत, त्यांत सौंदर्य शोधावे असा कोणाचा आग्रह नव्हता.

या पुराव्यांना कलेचा दर्जा लाभला तो मुख्यतः हॅरल्ड एजर्टन (१९०३–१९९०) या मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील विद्युत् अभियंत्यामुळे, आणि तोही काहीसा त्याच्या मर्जीविरुद्ध, कारण आपणास कलावंत म्हणवून घेण्यास तो अखेरपर्यंत नाखूश होता. त्याच्या १९६४ च्या प्रसिद्ध चित्रात सफरचंदातून पार झालेली गोळी दिसते. अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याची झडप आधीच उघडी ठेवलेली असते. गोळीने उठवलेली ध्वनिलहर ध्वनिग्राहकावर आदळताच विद्युत्-संधारित्रातील भार एकदम मुक्त होतो, आणि सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही अल्प काळ टिकणाऱ्या त्या लखलखाटात, सेकंदास सुमारे २,८०० फूट वेगाने जाणारी गोळी एक मिलिमीटरही सरकत नाही. ध्वनिग्राहक गोळीच्या मार्गापासून एक सेंटिमीटर दूर नेला, तर चित्रातील गोळी दोन सेंटिमीटरांहून अधिक पुढे गेलेली आढळते. क्षण यंत्राने निवडला, मग छायाचित्रकाराचे कर्तृत्व ते काय, अशी हरकत घेणाऱ्यांनी हा तपशील ध्यानात घ्यावा. येथील कलावंत घटना पाहून निवड करीत नाही, तर जी त्यास कधीच दिसणार नाही तिच्याविषयी आगाऊ निर्णय घेतो. गोळी शिरते त्या बाजूसही सफरचंदाचा गर बाहेर पडणाऱ्या बाजूइतक्याच जोराने उसळलेला पाहून प्रेक्षकाची कार्यकारणाविषयीची समजूत क्षणभर डळमळते. चित्राचे खरे सामर्थ्य यातच आहे. एजर्टनच्या दुग्धबिंदूच्या मुकुटाकृती चित्रास न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने १९३७ च्या छायाचित्र-प्रदर्शनात स्थान दिले होते.

पुढील पिढीने भंगाला हेतुपुरस्सर विषय केले. जर्मनीचा मार्टिन क्लिमास चिनी मातीच्या मूर्ती उंचावरून टाकतो आणि त्यांच्या आपटण्याचा आवाजच कॅमेऱ्यास चालना देतो. पायांचा चुरा झाला तरी मुद्रेवरचा आविर्भाव अभंग, असा विलक्षण विरोध त्यातून साधतो. इस्रायलमध्ये जन्मलेल्या ओरी गेर्श्टने फ्रेंच चित्रकार फाँतँ-लातूर याच्या धर्तीवर रचलेले पुष्पगुच्छ द्रवरूप नायट्रोजनाने गोठवून स्फोटाने उडविले. ‘पॉमग्रॅनेट’ (२००६) या चलच्चित्रात त्याने सांचेझ कोटान या स्पॅनिश चित्रकाराची स्थिरचित्ररचना मांडून तिच्यातील डाळिंबावर गोळी सोडली आणि एजर्टनच्या सफरचंदाचे ऋण उघड मान्य केले. फुगे व दिवे फोडण्याची जी हौशी चित्रे अलीकडे विपुल निघतात, ती या दोघांच्या पंक्तीस बसविणे धाडसाचे ठरेल.