भाताचं पान पिवळं का पडतं? हरितलवकातल्या प्रथिनांची ये-जा आणि मोडतोड

आश्विन लागला की पालघर, मनोर, बोईसरकडच्या भातखाचरांचा रंग बदलू लागतो. आधी हळव्या जाती पिवळ्या होतात, मग निमगरव्या, शेवटी गरव्या. डहाणू लोकलच्या खिडकीतून पाहणाऱ्याला वाटतं, पीक वाळत चाललंय. खरं तर पान त्या दिवसांत भरपूर काम करत असतं. आपल्या आतली प्रथिनं मोडून त्यातला नायट्रोजन ते दाण्याकडे पाठवत असतं.

हे काम मुख्यतः हरितलवकात चालतं. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारा हा पेशीतला हिरवा कण. त्याचा पूर्वज एक स्वतंत्र निळा-हिरवा जीवाणू होता. अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी तो दुसऱ्या पेशीत शिरला आणि तिथेच राहिला. पेशीला ऊर्जा पुरवणारी तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, हीसुद्धा अशीच आलेली. पुढे दोघांचीही बहुतेक जनुकं पेशीच्या केंद्रकात गेली. भाताच्या हरितलवकाचा सगळा डीएनए जपानी संशोधकांनी 1989 मध्ये वाचला. तो जेमतेम 1 लाख 34 हजार अक्षरजोड्यांचा निघाला. त्यावरून शंभराच्या आतच प्रथिनं बनतात, आणि हरितलवकाला लागतात दोन ते तीन हजार. बाकीची सगळी बाहेर बनतात आणि आत आणावी लागतात.

पण आत कुणी जायचं हे कसं ठरतं? सकाळी बोईसर स्टेशनवर उतरणारी गर्दी तारापूर एमआयडीसीकडे निघते. रस्ता एकच, पण कोण कुठल्या कारखान्याच्या गेटातून आत जाणार हे गळ्यातला पास ठरवतो. प्रथिनांचंही तसंच आहे. प्रत्येकाच्या सुरुवातीच्या टोकाला पत्त्याची एक चिठ्ठी असते. प्रथिनांवर असे पत्ते असतात हे दाखवल्याबद्दल गुंटर ब्लोबेल यांना 1999 चं नोबेल मिळालं. हरितलवकाला दोन आवरणं असतात, म्हणून दारंही दोन: बाहेरचं टॉक, आतलं टिक. तंतुकणिकेची दारं टॉम आणि टिम. दार इतकं अरुंद असतं की घडी घातलेलं प्रथिन सहसा मावत नाही. ते उलगडून सुईत दोरा ओवावा तसं आत घ्यावं लागतं.

आत आल्यावर चिठ्ठी कापली जाते. कापलेला तुकडा तसाच पडू देणं मात्र धोक्याचं, कारण असे तुकडे आवरणाला भोकं पाडू शकतात. त्यांचा चुरा करणारं विकर म्हणजे प्रेप. ते हरितलवक आणि तंतुकणिका दोन्हीकडे जातं, म्हणजे त्याच्या एकाच चिठ्ठीवर दोन पत्ते असतात. माणसाच्या तंतुकणिकेतही त्याचा भाऊबंद आहे. अल्झायमरशी जोडलेलं अमायलॉइड बीटा तो मोडू शकतो, असं 2006 मध्ये प्रयोगशाळेत दिसलं.

मोडतोड रोजचीच असते. भर दुपारच्या उन्हात डी-1 नावाचं प्रथिन सतत खराब होतं. प्रकाश प्रखर असेल तर ते अर्ध्या-एक तासातच बदलावं लागतं. नवं डी-1 हरितलवकातच बनतं, पण जुनं काढणारी एफटीएसएच ही विकरं बाहेरून येतात. त्यांच्यात बिघाड झालेल्या रोपांची पानं हिरवी-पांढरी चट्टेरी होतात.

दारांचीही मोडतोड होते. इंग्लंडमधल्या पॉल जार्विस यांच्या गटानं 2012 मध्ये एसपी-1 हे प्रथिन शोधलं. ते टॉक दारावर ‘हे काढा’ अशी खूण लावतं. खूण लागलेलं दार बाहेर ओढून मोडणारी पूर्ण यंत्रणा 2019 मध्ये उलगडली. हरितलवकाचं काम बदलतं तेव्हा दारंही अशी बदलली जातात. पान म्हातारं होतं तेव्हाही हेच घडतं.

आता पुन्हा खाचरात. पानातल्या नायट्रोजनचा सुमारे तीन चतुर्थांश भाग हरितलवकात असतो. त्यातला मोठा वाटा रुबिस्को या एकाच प्रथिनाचा. लोंबी भरू लागली की रुबिस्को मोडतं. काही हरितलवकातच मोडतं, काही छोट्या पुड्यांत बांधून पेशीच्या रिक्तिकेत नेलं जातं. तयार झालेली अमिनो आम्लं रसवाहिन्यांतून दाण्यात जातात. गंमत म्हणजे हिरव्या रंगद्रव्यातला नायट्रोजन पान परत घेत नाही. तरी ते रंगद्रव्य मोडावंच लागतं, कारण ते ज्या प्रथिनांना चिकटलेलं असतं ती त्याशिवाय सुटत नाहीत. शिवाय मोकळं राहिलेलं हरितद्रव्य उन्हात पेशीलाच जाळतं. हिरवा गेला की आधीपासून असलेला पिवळा दिसू लागतो. या सगळ्या खटाटोपाला ऊर्जा लागते, म्हणून तंतुकणिका जवळजवळ शेवटपर्यंत चालू राहतात.

मात्र प्रत्येक पिवळेपणा असा नसतो, आणि खताचे पैसे इथेच वाया जातात. आवणीनंतर खालची जुनी पानं पिवळी आणि वरची हिरवी असतील, तर बहुधा नायट्रोजन कमी आहे. रोप जुनी पानं मोडून नव्यांना जगवतंय. तिथे युरिया उपयोगी. उलट कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर संशय लोहाच्या कमतरतेचा. पावसानं ओढ दिली की राबावरच्या रोपांत हे दिसू शकतं. जुन्या पानातलं लोह नव्याकडे सहज जात नाही, त्यामुळे युरियानं ही पानं सुधारत नाहीत. टोकाकडून, कडेकडेनं पिवळे-पांढरे पट्टे खाली उतरत असतील, तर तो जिवाणूजन्य करपा असू शकतो. त्यावर युरिया टाकला तर रोग वाढतो. लोंब्या भरताना पिवळं दिसलं म्हणून टाकलेला युरिया पक्वता लांबवतो, पीक लोळवतो आणि तुडतुड्यांना बोलावतो.

डहाणू-घोलवडचा चिकू मात्र बारमाही हिरवा दिसतो. तिथेही जुनं पान गळण्याआधी हेच होतं, फक्त सगळ्या पानांचं एकदम नाही.

भात झोडून उरलेल्या पेंढ्यात म्हणूनच प्रथिन फार थोडं असतं. नुसत्या पेंढ्यावर म्हैस दूध देत नाही. सोबत हिरवा चारा किंवा पेंड लागते. पानातलं प्रथिन तोवर दाण्यात गेलेलं असतं.