बाटली क्रमांक ५३-एन

धनत्रयोदशीला घरोघरी धन्वंतरीचे पूजन होते. त्याच्या हाती अमृताचा कुंभ असतो. पण ज्या मंथनातून तो वर आला, त्याच मंथनातून आधी हलाहलही निघाले होते. तेव्हा कुंभात काय आहे, हे रोग्याच्या ओठाशी नेण्यापूर्वी कोणी पाहायचे? हा प्रश्न पुराणातला नव्हे. मुंबईच्या वैद्यकाला तो दोनदा विचारला गेला, आणि दोन्ही वेळा माणसे गेल्यावर.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग प्रकटला. पुढे या गाठीच्या तापाने मराठी मुलखातील गावे ओस पाडली. माणसे रानात झोपड्या घालून राहिली. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली आणि व्हरांडा, हाताखाली एक कारकून व तीन शिपाई, एवढ्या संसारावर त्यांनी लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. तेथून बाटल्या देशभर रवाना होऊ लागल्या.

त्यातलीच एक पंजाबात मुलकोवाल या गावी पोहोचली. हे गाव आता पाकिस्तानात आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तेथे पाच बाटल्यांमधून १०७ जणांना लस टोचली गेली. थोड्याच दिवसांत त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसही जण दगावले. त्या साऱ्यांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. तिचा क्रमांक होता ५३-एन.

चौकशी बसली. पूर्वी लसीत कार्बॉलिक आम्ल घालीत. मागणी वाढल्यावर हाफकिन यांनी ते सोडून उष्णतेने निर्जंतुक करण्याची रीत पत्करली होती. बोट तिच्याकडेच वळले. दोष परळच्या माथी आला आणि हाफकिन पदावरून दूर झाले. वास्तविक बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो न उकळता नुसता जंतुनाशक पाण्यात बुचकळून त्यानेच बूच काढले गेले. धनुर्वाताचे जंतू तर मातीतच वसतात! शिवाय ते जंतू बंद बाटलीत ४१ दिवस वाढले असते, तर उघडताच दुर्गंधी आली असती. ती कोणाला आली नव्हती. ही सारी हकीकत कागदावर असूनही खापर मोठ्या माणसावर फुटले. १९०७ च्या जुलैत रोनाल्ड रॉस आणि इतर नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून निषेध केला, तेव्हा कुठे त्याच वर्षी हाफकिन यांच्यावरील डाग धुतला गेला. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव लाभले.

त्या मदतनिसालाही खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. चिमटा कोणाच्याही हातून पडतो. 'पडलेला चिमटा उकळल्यावाचून वापरायचा नाही' हा नियम मोडू न देणारी व्यवस्था तेथे हवी होती. 'कोणी केले?' हे विचारून एक माणूस सापडतो, 'कसे झाले?' हे विचारले तरच पुढचा माणूस वाचतो.

ग्रँट मेडिकल कॉलेजाला लागूनच जे. जे. रुग्णालय आहे. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तेथे १४ रुग्ण औषधानेच गेले. डोक्यातील किंवा डोळ्यातील दाब उतरावा म्हणून दिल्या जाणाऱ्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. ते मूत्रपिंडे निकामी करते. हे ज्ञान नवे नव्हते. १९३७ साली अमेरिकेत याच विषाने शंभरावर माणसे मेली होती आणि दुसऱ्याच वर्षी तेथे कडक कायदा झाला होता. आपल्याकडेही १९४० पासून औषधांचा कायदा होताच.

या वेळी मात्र चौकशी करणारे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन एका माणसापाशी थांबले नाहीत. ते बाटलीच्या मागे मागे चालत गेले: खाटेपासून कोठारापर्यंत, तेथून खरेदीच्या कागदांपर्यंत, पुरवठादारापर्यंत, औषध प्रशासनापर्यंत आणि थेट मंत्रालयापर्यंत. औषध पुढे सरकत गेले होते, पण त्याची खरी पारख झाली नव्हती. प्रत्येकाने मागच्याने पाहिले असेल असे मानले. अहवाल १९८८ साली विधिमंडळापुढे आला आणि आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले.

धडा संपला म्हणावे, तर २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधातून हेच विष वीसहून अधिक लेकरांच्या पोटात गेले आणि ती दगावली. त्यांतल्या कित्येकांना उपचारासाठी आपल्या नागपुरास आणले होते.

आमच्या आष्टीसारख्या गावात बसून परळची किंवा कारखान्याची तपासणी आपण करू शकत नाही, हे खरे. पण साखळीचा शेवटचा दुवा आपल्याच हाती असतो. बाटलीवरचे नाव, मुदतीची तारीख आणि गट-क्रमांक वाचावा. पावती मागून ठेवावी. औषध घेतल्यावर लघवी कमी झाली तर क्षणाचाही उशीर न करता डॉक्टरांना सांगावे. आणि दवाखान्यात परिचारिकेने इंजेक्शनापूर्वी दुसऱ्यांदा नाव विचारले, तर 'मघाशीच सांगितले ना!' असे म्हणून तिच्यावर खेकसू नये. नाव पुन्हा सांगावे.