लुआंग प्रबांग : वारसा जपला, वस्ती हलली

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत धम्मस्थळांवर एखादा लेख असतोच. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, सांची, अजिंठा यांची माहिती आता आपल्या घराघरांत आहे. पुष्कळ उपासक-उपासिका सहलीने जाऊन आले आहेत, त्यांचे फोटो भिंतींवर आहेत. यंदा आम्ही जरा दूरच्या गावाची हकिकत सांगणार आहोत. ते गाव लाओस देशात आहे, त्याचं नाव लुआंग प्रबांग. आपल्यापैकी फार थोडे तिथं गेले असतील. पण तिथल्या विहारांचं आणि घरांचं जे झालं, ते आपल्या वस्तीतल्या प्रत्येक कुटुंबाने नीट समजून घ्यावं, असं आम्हांस मनापासून वाटतं.

लाओस हा थायलंड आणि व्हिएतनाम यांच्यामध्ये वसलेला, समुद्रकिनारा नसलेला डोंगराळ देश आहे. त्याच्या उत्तर भागात मेकाँग आणि नाम खान या दोन नद्या एकमेकींना मिळतात. संगमाजवळ जमिनीची एक लांबट जीभ पाण्यात शिरलेली आहे. त्या जिभेवर जुनं लुआंग प्रबांग आहे. मधोमध फू सी नावाची टेकडी आणि टेकडीच्या माथ्यावर सोनेरी स्तूप. इ. स. १३५३ मध्ये फा न्गुम या राजाने ‘लान शांग’, म्हणजे दशलक्ष हत्तींचं राज्य, इथं स्थापन केलं. ‘प्रबांग’ ही तिथल्या लोकांची अत्यंत पूज्य अशी उभी बुद्धमूर्ती. तिच्यावरूनच शहराला नाव पडलं. १५६० साली राजधानी व्हिएन्टिएनला गेली. पण धम्माचं माहेर म्हणून या शहराचा मान काही कमी झाला नाही.

इथले विहार जुने आहेत. तिथं विहाराला ‘वाट’ म्हणतात. वाट शिएंग थाँग हा विहार १५५९-६० चा. त्याची उतरती छपरं जमिनीला टेकतात की काय, असं वाटावं इतकी खाली आलेली आहेत. वाट विसुन १५१३ चा. तो १८८७ च्या हल्ल्यात जळाला आणि १८९८ मध्ये पुन्हा बांधला गेला. १८९३ मध्ये लाओस फ्रेंचांच्या ताब्यात गेला. त्यामुळे लाकडी खांबांवरच्या लाओ घरांच्या शेजारी विटा-चुन्याची फ्रेंच धाटणीची घरं उभी राहिली. दोन्ही पद्धती इतक्या बेमालूम मिसळल्या, की जगातले जाणकार आज ते बघायला तिथं जातात.

एका वस्तीला एक विहार

आता मुख्य गोष्ट. लाओ भाषेत वस्तीला, वाडीला ‘बान’ म्हणतात. जुन्या लुआंग प्रबांगमध्ये बान आणि वाट यांची जोडी असे. पुष्कळ वस्त्यांची नावंही विहारावरूनच पडलेली आहेत. जुन्या भागात असे तीसहून अधिक विहार. छप्पर गळालं तर वस्तीने वर्गणी काढायची, चीवर वस्तीने द्यायचं, सणाला वस्तीने राबायचं. आणि विहाराने वस्तीसाठी काय करायचं? मुलांना अक्षरओळख करून द्यायची, काही काळ सामणेर म्हणून ठेवून वळण लावायचं, दुःखाच्या वेळी परित्राणपाठ करायचा. घर आणि विहार ही तिथं दोन वेगळी खाती नव्हती, एकाच वहीची दोन पानं होती.

या नात्याचा रोजचा पुरावा म्हणजे पहाटेची भिक्षाफेरी. तिला ते ‘तक बात’ म्हणतात. उजाडण्याच्या सुमारास भिक्खू आणि सामणेर पात्र घेऊन अनवाणी, एका रांगेत, एक शब्द न बोलता निघतात. घराघरांतल्या बाया दारापुढे चटई टाकून गुडघ्यांवर बसतात. वेताच्या टोपलीत त्यांनी पहाटे वाफवलेला चिकट भात असतो. प्रत्येक पात्रात त्या चिमूटभर भात घालतात. रांगेच्या शेवटी गरिबांची मुलं टोपल्या घेऊन बसलेली असतात. भिक्खू आपल्या पात्रातला काही भात त्यांना देऊन पुढं जातात. म्हणजे दान घेणाराही दान देतो.

१९७५ साली लाओसमधली राजेशाही संपली आणि साम्यवादी राजवट आली. सुरुवातीच्या काळात भिक्खूंना अन्नदान करण्यावर निर्बंध आले. लोकांना ते पटलं नाही, आणि पुढं ते निर्बंध सैल करावे लागले. सरकारी हुकुमापुढंही जी रीत टिकून राहिली, तिला पुढं कशाने धक्का बसला ते बघा.

शिक्का मिळाला, त्याचं बरं आणि वाईट

१९९५ मध्ये युनेस्कोने लुआंग प्रबांगचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. याचा फायदा झाला, हे आधी कबूल केलं पाहिजे. त्या आधीच्या दशकांत घरं पडायला आली होती, हाताला काम नव्हतं, तरुण बाहेर जात होते. यादीत नाव आल्यावर वारसा कार्यालय स्थापन झालं. फ्रान्समधल्या शिनाँ या शहराने आणि फ्रेंच सरकारने मदत केली. सहाशेहून अधिक इमारतींची नोंद झाली. इतकंच काय, शहरातली तळी आणि पाणथळ जागा हाही वारसाच आहे, असं मानून त्यांचीही यादी झाली. घर किती उंच असावं, कौल कोणतं असावं, भिंतीला चुना की सिमेंट, याचे नियम ठरले. उंच काचेच्या इमारती जुन्या भागात आल्या नाहीत. आज फोटोत ते शहर जसं दिसतं, त्याचं श्रेय या नियमांना आहे.

पण नियम होते ते भिंतींसाठी. भिंतींच्या आत राहणाऱ्या माणसाने तिथंच राहावं, यासाठी नियम नव्हता, आणि तो करणं सोपंही नाही.

त्याचं असं झालं. प्रवासी वाढले, तशा खोल्या कमी पडू लागल्या. बाहेरचा गुंतवणूकदार घरमालकाकडे आला. म्हणाला, घर मला भाड्याने द्या, मी दुरुस्त करून गेस्ट हाऊस काढतो. मालकाने हिशेब केला. जुन्या पद्धतीचं लाकूड आणि कौल महाग, दुरुस्तीला परवानगी लागते, आणि येणारं भाडं तर वर्षाच्या कमाईपेक्षा जास्त. त्याने घर दिलं आणि शहराबाहेर ऐसपैस नवं घर बांधलं. मुलं शिकली, आजारपणाला पैसा झाला. त्यात त्याचं काय चुकलं? काहीच नाही. जन्मभर गरिबीत राहिलेल्या माणसाने वारशाच्या नावाखाली गळक्या घरात राहावं, असं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही.

पण एकेका घराचा हा बरोबर हिशेब जेव्हा सगळ्या गल्लीचा होतो, तेव्हा बेरीज वेगळी येते. गल्लीत घरं तेवढीच राहिली, रंगरंगोटीने उजळलीसुद्धा, पण पहाटे भात शिजवणाऱ्या चुली कमी झाल्या. आजी दुसरीकडे गेली, सून दुसरीकडे गेली. दारात चटई टाकणारं कुणी राहिलं नाही. खोलीत झोपलेला पाहुणा दोन दिवसांनी जाणार, त्याला या विहाराच्या छपराशी काय देणंघेणं?

मग ती रिकामी जागा प्रवाशांनी भरली. भिक्षाफेरी हा ‘बघण्याचा कार्यक्रम’ झाला. गाड्या भरभरून माणसं पहाटे येऊ लागली. रस्त्यावर भाताच्या टोपल्या विकायला आल्या. विकत घेतलेला भात कुणी शिजवला, कधी शिजवला, हे देणाऱ्यालाच ठाऊक नाही. सामणेरांच्या तोंडासमोर कॅमेऱ्याचे दिवे चमकू लागले. शेवटी फलक लावावे लागले, की शांत राहा, अंग झाकेल असे कपडे घाला, अंतर ठेवा, मनात श्रद्धा असेल तरच दान द्या. पर्यटनाच्या परिणामांवर युनेस्कोच्या बँकॉक कार्यालयाने २००४ साली एक अहवाल काढला. त्यात लाभाबरोबर हानीही मांडलेली आहे, आणि भिक्षाफेरीला आलेलं हे रूप त्या हानीत आहे.

आम्ही इथं परदेशी माणसाला नावं ठेवत नाही. त्यांच्यात पुष्कळ जण आदराने हात जोडून उभे असतात. डोंगरातल्या खेड्यांतून शिकण्यासाठी आलेले गरीब सामणेर त्यांच्याशी बोलून इंग्रजीचा सराव करतात, त्याचा त्यांना उपयोगही होतो. प्रश्न त्या पाहुण्याचा नाही. प्रश्न एवढाच, की यजमान कुठं आहे?

या प्रश्नाचं उत्तर महामारीने दिलं. २०२० मध्ये लाओसच्या सीमा बंद झाल्या, त्या पूर्णपणे उघडल्या मे २०२२ मध्ये. दोन वर्षं विदेशी प्रवासी नाहीत, गेस्ट हाऊसना कुलपं. त्या काळात भिक्खूंच्या पात्रात भात घालायला उरले ते तिथंच राहणारे. पाहुण्यांची गर्दी हा आधार नव्हे, हे तेव्हा उघड झालं. पुढं गर्दी पुन्हा वाढायची सोय झालीच. डिसेंबर २०२१ मध्ये लाओस-चीन रेल्वे सुरू झाली आणि राजधानीहून जिथं जायला दिवस मोडायचा, तिथं दोन तासांत पोचता येऊ लागलं.

नाशिकच्या शिलालेखातला हिशेब

विहार वस्तीच्या आधाराने उभा राहतो, हे आपल्याला परक्यांनी शिकवावं असं नाही. आपल्या नाशिकला त्रिरश्मी लेणी आहेत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. तिथल्या एका लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. काळ इसवी सनाचं दुसरं शतक. त्याने भिक्खुसंघासाठी ३,००० कार्षापण दिले. ती रक्कम त्याने पेटीत ठेवली नाही. गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून दिली. एकीकडे २,०००, दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल मोडायचं नाही, खर्च फक्त व्याजातून.

गणित करून बघा. २,००० वर वर्षाला २४० कार्षापण व्याज. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. बरोबर २४०! म्हणजे गावात माग चालला, तर डोंगरावर चीवर मिळणार. विहाराचा पाया खडकात होता, हे खरं. पण त्याचा श्वास गावातल्या मागांवर चालत होता. पुढं ते नातं तुटलं. कारणं अनेक असतील. आज लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत, बघणारे येतात आणि संध्याकाळी उतरून जातात. दगड राहिला, वर्षावास गेला. लुआंग प्रबांगची भीती नेमकी हीच आहे.

तिथल्या लोकांनी काय केलं?

तिथले लोक हातावर हात ठेवून बसले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. २००० साली युनेस्को आणि नॉर्वे सरकारच्या साहाय्याने तिथं एक उपक्रम सुरू झाला. वाट शिएंग मुआन या विहारात तरुण भिक्खू आणि सामणेरांना लाकडावरचं कोरीव काम, चित्रकाम, सोन्याचा वर्ख चढवणं या जुन्या कला पुन्हा शिकवल्या गेल्या. हेतू हा, की विहाराची दुरुस्ती बाहेरच्या ठेकेदाराकडे न जाता संघाच्याच हातात राहावी.

दुसरं काम एका भिक्खूचं आहे. वाट साएनचे प्रमुख फ्रा खामचान विराचित्तो (१९२०-२००७) यांनी आयुष्यभर छायाचित्रं जपून ठेवली. त्यांत दीक्षाविधी आहेत, अंत्ययात्रा आहेत, विहारातले साधे दिवस आहेत. युद्ध झालं, राजवट बदलली, तरी त्यांनी तो ठेवा सांभाळला. त्यांच्या आणि इतर विहारांतल्या संग्रहांतून तीस हजारांहून अधिक छायाचित्रांची नोंद पुढं झाली. आज एखाद्या वस्तीचं मूळ रूप काय होतं, हे त्या फोटोंतून कळतं. प्रवाशाच्या कॅमेऱ्यातले फोटो जगभर जातात. या भिक्खूने जपलेले फोटो वस्तीपाशी राहिले.

आपल्यासाठी यात काय आहे?

आपल्या वस्तीला कुणी जागतिक वारसा म्हणणार नाही, आणि आपल्या गल्लीत परदेशी प्रवाशांच्या गाड्या येणार नाहीत. पण घरं हलण्याचा प्रश्न आपल्यापुढंही आहे. शहराशहरांत चाळी पाडून टॉवर होत आहेत. कुणी घर विकून लांबच्या उपनगरात जातो, कुणी मुलाच्या नोकरीमागे जातो. जाणाऱ्याला दोष देता येत नाही, हे वर सांगितलंच. पुनर्विकासाच्या नकाशात विहारासाठी जागा दाखवा म्हणून आपण भांडतो, आणि भांडलंच पाहिजे. पण नकाशात विहाराचा चौकोन आला म्हणून विहार वाचला, असं समजू नये. संगमरवरी फरशी आली, सोनेरी मूर्ती आली, आणि रविवारच्या वंदनेला चार माणसं, तर ते प्रेक्षणीय स्थळ झालं, विहार राहिला नाही.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. विहार उभारणाऱ्या पहिल्या कुटुंबांची नावं, वर्गणीच्या जुन्या वह्या, पायाभरणीचे फोटो हे सारं एका जागी आणून त्याची नोंद करावी. म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून लिहून घ्यावं, आणि ते आताच करावं. वस्ती सोडून गेलेल्या कुटुंबांची यादी करून त्यांना वर्षावासात एकेका दिवसाच्या भोजनदानाची जबाबदारी द्यावी, म्हणजे पाहुणे म्हणून नव्हे, तर यजमान म्हणून ती परत येतील. आणि नव्या इमारतीत राहायला आलेल्या कुटुंबांच्या दारी समितीने स्वतः जावं, त्यांनी येण्याची वाट बघत बसू नये.

लुआंग प्रबांगमध्ये आजही पहाटे काही दारांपुढं चटया पडतात. ज्या घरात आजी अजून राहते, त्या घरापुढं. त्या शहराचा वारसा किती उरला हे मोजायचं असेल, तर कौलं मोजू नयेत, त्या चटया मोजाव्यात. आपल्या विहाराच्या वर्धापनदिनी आपणही हीच मोजणी करावी, एवढीच आमची विनंती.