सीटी स्कॅनमधील ‘डाय’ आणि किरणोत्सर्ग : धोके दोन, प्रश्नही दोन

‘कॉन्ट्रास्टसह सीटी स्कॅन’ असे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वाचले की, रुग्णाच्या मनात दोन भीती एकत्र होतात. शिरेतून दिला जाणारा ‘डाय’च किरणोत्सारी असतो, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः कॉन्ट्रास्टचा धोका आणि किरणोत्सर्गाचा धोका हे स्वतंत्र आहेत. त्यांविषयी विचारावयाचे प्रश्नही वेगळे आहेत.

कॉन्ट्रास्ट म्हणजे काय?

हाडे क्ष-किरण अधिक शोषतात, म्हणून ती चित्रात ठळक दिसतात. रक्तवाहिन्या, यकृत, आतडी यांच्यातील फरक मात्र पुसट असतो. आयोडीन (अणुक्रमांक ५३) व बेरियम (५६) ही मूलद्रव्ये क्ष-किरण चांगले अडवतात. म्हणून बेरियम सल्फेट प्यायला देतात, तर आयोडीनयुक्त द्रव शिरेतून देतात. मूत्रपिंडे निरोगी असल्यास आयोडीनयुक्त द्रवाचा बहुतेक भाग एका दिवसात लघवीवाटे निघून जातो. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात; तेथे गॅडोलिनियमची संयुगे वापरतात. यांपैकी कोणतेही द्रव्य किरणोत्सारी नाही. पेट स्कॅन किंवा हाडांच्या न्यूक्लिअर स्कॅनसाठी टोचले जाणारे औषध मात्र किरणोत्सारी असते.

भीतीला ऐतिहासिक आधार आहे. १९३० च्या दशकापासून वापरले गेलेले ‘थोरोट्रास्ट’ हे थोरियम डायऑक्साइडचे कॉन्ट्रास्ट किरणोत्सारी होते. ते यकृतात आयुष्यभर साचून राही आणि अनेक वर्षांनी कर्करोग उद्भवत असे. पुढे त्याचा वापर बंद झाला.

कोणी काय सांगावे?

आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट देताना अंगात ऊब जाणवणे किंवा तोंडाला धातूसारखी चव येणे स्वाभाविक आहे. अंगावर पित्त उठणे, घसा सुजणे, श्वास लागणे ही रिअ‍ॅक्शनची लक्षणे होत. ती दिसताच तंत्रज्ञाला सांगावे. पूर्वी अशी रिअ‍ॅक्शन आली असल्यास, दमा, मूत्रपिंडाचा किंवा थायरॉइडचा विकार असल्यास ते आधीच सांगणे आवश्यक आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी, विशेषतः मूत्रपिंडे कमजोर असल्यास, गोळी थांबवावी का हे विचारावे. स्वतः निर्णय घेऊ नये.

कोळंबी किंवा खेकडे सोसत नाहीत, म्हणून कॉन्ट्रास्ट नाकारण्याचे कारण नाही. ती अ‍ॅलर्जी त्यांतील प्रथिनांची असते, आयोडीनची नव्हे. मूत्रपिंडे गंभीररीत्या निकामी असल्यास गॅडोलिनियमच्या काही प्रकारांनी त्वचा व ऊतक घट्ट होण्याचा दुर्मीळ विकार संभवतो; म्हणून एमआरआयपूर्वीही ही माहिती द्यावी.

किरणांची मात्रा

निसर्गातून माणसाला मिळणारी वार्षिक मात्रा जागतिक सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट असते. छातीच्या एक्स-रेची मात्रा ०.१ किंवा त्याहून कमी, डोक्याच्या सीटीची सुमारे २, तर पोटाच्या सीटीची सुमारे ८ मिलिसिव्हर्ट असते. यंत्र आणि पद्धतीनुसार हे आकडे बदलतात. एका तपासणीने कर्करोगाची शक्यता अत्यल्प वाढते. मुलांमध्ये ती तुलनेने अधिक असते. तपासणीनंतर क्ष-किरण शरीरात उरत नाहीत.

दोन्ही प्रश्न एका ठिकाणी मात्र जुळतात. कॉन्ट्रास्टपूर्वी आणि नंतर असे दोनदा स्कॅन केल्यास मात्रा जवळजवळ दुप्पट होते. काही आजारांत ते आवश्यक असते, सर्वांत नाही. म्हणून ‘दोन्ही फेऱ्या लागतील का?’ हा प्रश्न रास्त ठरतो.

नियम आणि जबाबदारी

भारतात १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ सीटी यंत्रांना परवाने देते. कर्मचाऱ्यांसाठी मात्रेची कमाल मर्यादा आहे; रुग्णासाठी तशी नाही. त्याच्याबाबतीत कसोटी एकच : तपासणीचा लाभ धोक्याहून अधिक हवा. म्हणून जुने अहवाल व सीडी सोबत न्याव्यात, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करावी लागणार नाही. गर्भधारणेची शक्यता असल्यास ती आधीच सांगावी. पक्षाघात, अपघात किंवा अंतर्गत रक्तस्रावाच्या प्रसंगी मात्र किरणांच्या भीतीने विलंब करणे हाच मोठा धोका असतो.