शिलेदाराची जोखीम

मार्गशीर्षाची पौर्णिमा जवळ आली म्हणजे खानदेशांतील घोड्यांच्या शौकिनांची पावलें सारंगखेड्याकडे वळतात. शिंदखेडा तालुक्यांतील दोंडाईचा मागें टाकून तापी ओलांडली कीं एकमुखी दत्ताच्या यात्रेची गर्दी लागते, आणि तिच्या एका अंगाला मारवाडी, काठेवाडी, पंजाबी अशा नाना जातींचे घोडे रांगेनें बांधलेले दिसतात. दत्ताच्या दर्शनास आलेला मनुष्य घोडा न घेतां परततो, परंतु घोडा न पाहतां सहसा परतत नाहीं. अशाच एका यात्रेंत आमच्या ओळखीच्या, शिंदखेड्याच्या एका वृद्ध शेतकऱ्याची व आमची गांठ पडली. गृहस्थ घोड्यांचे जाणते. पण त्या दिवशीं त्यांचें चित्त घोड्यांत नव्हतें. त्यांच्या मुलानें मुंबईस एक वापरलेली शर्यती थाटाची मोटार पसंत केली होती. मोटार परदेशी, दोन आसनांची, जमिनीस टेंकलेली, चौदा वर्षांची, आणि तिसऱ्या मालकाच्या हातची. सडकेसाठीं गेलेल्या जमिनीची भरपाई घरांत आली होती. तिच्यांत विहीर खोल करावी असा वडिलांचा विचार, तर तिच्यांतून ही मोटार घ्यावी असा मुलाचा आग्रह. म्हातारबुवांनीं एका शिंगराच्या जबड्यावरून हात काढला आणि आम्हांस विचारलें, "भाऊ, घोड्याचे दांत पाहून त्याचें वय सांगतां येतें. ह्या गाडीचे दांत कोठें असतात?"

त्या दिवशीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. पुढें जुने ग्रंथ व नवे कायदे चाळतां चाळतां असें दिसून आलें कीं, हा प्रश्न एकट्या त्यांचा नव्हे. दुसऱ्यानें वापरलेलें वेगवान वाहन विकत घेणें हा व्यवहार फार प्राचीन असून त्यांतली फसगतही तितकीच प्राचीन आहे.

आधीं दांतांचीच गोष्ट घेऊं. घोड्याचे दुधाचे पुढील दांत सुमारें अडीच, साडेतीन व साडेचार वर्षांच्या वयांत जोडीजोडीनें पडतात व पांचव्या वर्षीं तोंड पुरें होतें. त्यानंतर खालच्या दांतांच्या माथ्यावरील खळगे सहाव्या, सातव्या व आठव्या वर्षीं क्रमानें भरत जातात. निसर्गानें लिहून ठेवलेला हा जन्माचा दाखलाच होय. परंतु दाखला म्हटला कीं त्यांत खाडाखोड करणारा आलाच. म्हाताऱ्या घोड्याचे दांत कानशीनें घासून त्यांत डागणीनें काळे खळगे उठवावयाचे, आणि लंगडणारा घोडा गिऱ्हाईक येण्यापूर्वीं फिरवून अंग मोकळें करून ठेवावयाचा, ह्या युक्त्या घोडेबाजारांत जुन्याच आहेत. ह्यावरून एक गोष्ट उघड होते. वाहनाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक असतो, घेणाऱ्यास तो शोधावा लागतो. आणि सौदा पुरा होण्यापूर्वीं शोधण्यास किती अवधि मिळतो, ह्यावरच घेणाराचें दैव अवलंबून असतें.

आमच्या स्मृतिकारांनीं हें मर्म फार लवकर ओळखलें होतें. खरेदी केल्यावर पश्चात्ताप होणें, ह्यास त्यांनीं 'क्रीतानुशय' असें नांव देऊन त्याला व्यवहारपदांत स्वतंत्र स्थान दिलें. मनूनें विकणारा व घेणारा ह्या दोघांसही सौदा फिरविण्यास दहा दिवसांची मुदत सांगितली. याज्ञवल्क्यानें त्याहून सूक्ष्म विचार केला. त्याच्या मतें प्रत्येक वस्तूचा दोष कळून येण्यास निरनिराळा काळ लागतो. म्हणून बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक, दुभत्या जनावरास तीन, रत्नांस सात, आणि ओझें वा स्वार वाहणाऱ्या जनावरास पांच दिवस परीक्षेसाठीं द्यावे. ज्या मिताक्षरेच्या आधारें महाराष्ट्रांत शतकानुशतकें न्यायनिवाडे झाले, ती विज्ञानेश्वराची टीका ह्याच स्मृतीवरील होय. पांच दिवसांचा हिशेब मोठा मार्मिक आहे. जनावर एक दिवस चांगलें दिसूं शकतें. पांच दिवस तें आपली खोड लपवूं शकत नाहीं.

परंतु नारदानें ह्या नियमास एक कडू अपवाद जोडून ठेवला आहे. अंगावर वापरलेलें, मळून काळपटलेलें वस्त्र कोणी विकत घेतलें, तर तें सदोष निघालें तरी विकणाऱ्याकडे परत जाणार नाहीं, असें तो सांगतो. वापरलेला माल डोळ्यांदेखत वापरलेलाच होता. मग तक्रार कशाची? तेव्हां जुनी मोटार घेणाऱ्यापुढें खरा प्रश्न हा उभा राहतो कीं, आपण घेतों तें याज्ञवल्क्याचें वाहन कीं नारदाचें जुनेर?

पश्चिमेकडेही हाच झगडा दिसतो. रोम शहरांत बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनीं असा हुकूम काढला होता कीं, जनावर विकणाऱ्यानें त्याचे रोग व दोष उघड सांगितले पाहिजेत, आणि न सांगितल्यास घेणारास तें परत करतां येईल. इंग्लंडांतील कायद्यानें मात्र दीर्घ काळ उलट बाजू घेतली व घेणारानेंच सावध असावें हें तत्त्व मानलें. तेंच तत्त्व १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यानें, त्याच्या सोळाव्या कलमांत, आपल्याकडेही आलें. व्यापाऱ्याच्या ज्ञानावर विसंबून माल घेतला असेल तर त्यास अपवाद आहेत. परंतु माल तपासून घेतला असतां तपासणींत दिसावयास हवा होता असा दोष मागाहून पुढें करतां येत नाहीं. १९८६ व २०१९ सालच्या ग्राहकसंरक्षणाच्या कायद्यांनीं धंदेवाईक विक्रेत्याविरुद्ध दाद मागण्याची सोय केली. पण एका खासगी मालकानें दुसऱ्यास आपली जुनी मोटार विकली, तर ती सोय बहुधा कामास येत नाहीं. सारांश, पांच दिवस गेले आणि जुनेर तेवढें उरलें.

ह्या विषमतेचा परिणाम बाजारभावावर काय होतो हें अमेरिकेंतील अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ ह्यानें १९७० सालीं एका लेखांत दाखविलें, आणि उदाहरण घेतलें तें जुन्या मोटारींचेंच. चांगली व वाईट मोटार घेणारास ओळखूं येत नाहीं, म्हणून तो दोहींस मधलाच भाव देतो. त्या भावांत चांगली मोटार देणें मालकास परवडत नाहीं, म्हणून ती घरींच राहते. आणि बाजारांत वाईट मोटारींचा भरणा होत जातो. ह्या व पुढील विचारांबद्दल त्यास २००१ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक इतर दोघांसह मिळालें. सारंगखेड्याच्या जाणत्यास हा सिद्धांत नवा वाटणार नाहीं, "एवढा गुणी घोडा, मग विकतो कशाला?" हा त्याचा पहिलाच प्रश्न असतो.

आतां जोखमीकडे वळूं. मराठ्यांच्या घोडदळांत बारगीर व शिलेदार असे दोन वर्ग होते. बारगिराच्या मांडीखालचा घोडा सरकारी पागेंतला. तो पडला तर नुकसान सरकारचें. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. घोडा पडला कीं त्याचें भांडवल पडलें आणि पोटही अडलें. पुढें इंग्रजांनीं आपल्या हिंदी रिसाल्यांत ही शिलेदारी पद्धत उचलली तेव्हां तिला एक जोड दिली. प्रत्येक स्वारानें दरमहा थोडी रक्कम 'चंदा' म्हणून जमा करावयाची व मेलेल्या घोड्याच्या जागीं नवा घोडा त्या निधींतून घ्यावयाचा. पहिल्या महायुद्धानंतर ती पद्धत मोडली; परंतु तिच्यांतलें शहाणपण मोडलें नाहीं. कारखान्याची हमी असलेली नवी मोटार घेणारा हा एक प्रकारचा बारगीर होय. हमी संपलेली जुनी मोटार घेणारा शिलेदार झाला. त्यानें चंद्याची सोय केलीच पाहिजे.

शर्यती मोटारीच्या बाबतींत हा चंदा इतका भारी कां, हें नीट समजून घ्यावयास हवें. मोटारीची किंमत वयाबरोबर उतरते. तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाहीं. म्हातारा घोडा चंदी कांहीं कमी खात नाहीं, तसेंच हें आहे. जी मोटार नवी असतां श्रीमंतासच परवडत होती, ती जुनी झाल्यावर मध्यमस्थितींतील माणसाच्या भावांत येते. पण तिचा ब्रेक, तिचा क्लच, तिचा पंप हे अजून श्रीमंताच्याच भावांत असतात. १९३० नंतरच्या दशकांत इंदूरच्या यशवंतराव होळकरांनीं अमेरिकेची ड्यूसेनबर्ग मोटार घेऊन तिचा वरचा भाग लंडनच्या गर्नी नटिंग ह्यांजकडून घडविला. दागिन्यासारखें वाहन परदेशांतून घडवून आणणाऱ्यास त्याच्या दुरुस्तीचा घोर कशाला पडेल? शिंदखेड्याच्या घरास तो पडतो, कारण अशा मोटारीचा जाणता कारागीर साडेतीनशेंहून अधिक किलोमीटरांवर मुंबईस, आणि मोटार अडली तर तिला तेथवर वाहून नेण्याचें भाडें निराळें.

शिवाय कांहीं दोष असे असतात कीं ते कोणत्याही दांतावर उमटत नाहींत. पोर्शे कंपनीच्या १९९७ ते २००५ ह्या काळांतील कांहीं मोटारींच्या इंजिनांत मधल्या दांड्याची बेअरिंग पूर्वसूचना न देतां निकामी होई व एवढ्याशा भागापायीं सबंध इंजिन जाई. प्रकरण अमेरिकेंत न्यायालयापर्यंत गेलें. भाग लहान, पण त्याची जागा मर्माची. आमच्या प्रदेशाचे जाच आणखी वेगळे आहेत. वैशाखांत पारा ४४ अंशांवर जातो, तेव्हां जुन्या रबरी नळ्या व इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा ह्यांची खरी परीक्षा होते. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचें पेट्रोल पंपांवर येऊं लागलें. तें ज्या काळीं नव्हतें त्या काळच्या मोटारींच्या रबरी भागांस तें मानवेलच असें नाहीं. आणि जमिनीस टेंकलेली मोटार गांवोगांवच्या गतिरोधकांवरून जातांना पोटाखालीं काय घासून घेते, तें मालकास आवाजानेंच कळतें.

तरी मोटारीला दांत मुळींच नाहींत असें नव्हे. टायरच्या कडेवर चार आंकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन सन. ३५१३ असें असेल तर टायर २०१३ च्या पस्तिसाव्या आठवड्यांतला. तो न झिजतांही वयानें कडक होतो. धांवलेल्या किलोमीटरांचा आंकडा मागें फिरवितां येतो, तो घासलेला दांत समजावा. पायाखालच्या पट्ट्यांचें झिजलेलें रबर व आसनाची फाटलेली कड हे न घासलेले दांत होत. मोटार पाहावयास जातांच प्रथम इंजिनावरील झांकणास हात लावावा. तें ऊन लागलें तर घोडा आधींच फिरवून आणला आहे असें समजावें. सुरू करतांना निळसर धूर निघाला तर आंत तेल जळतें. पांढरा धूर थांबेचना तर पाणी जळतें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे मोटार उचलून तिचें पोट आपल्या माहितगार मिस्त्रीकडून पाहवून घ्यावें. त्याची मजुरी देणें हाच आजच्या काळीं याज्ञवल्क्याचे पांच दिवस विकत घेण्याचा मार्ग होय.

वेगाची आवड ही कांहीं निंद्य वस्तु नव्हे. ज्या भूमीनें घोड्याच्या पाठीवर राज्यें कमाविलीं, तिच्या मुलानें वेगवान वाहनावर जीव टाकावा ह्यांत नवल कसलें? मुलगाही अविचारी नव्हता. आम्ही हें सर्व सांगितल्यावर त्यानें कागद घेऊन दोन रकाने मांडले. एकांत मोटारीची किंमत, दुसऱ्यांत तीन वर्षांचा चंदा. दुसरा रकाना पहिल्याच्या निम्म्यापलीकडे गेला, तरी त्याचें मन मोडलें नाहीं. मिस्त्रीस बरोबर घेऊन तो मुंबईस गेला. मालकानें मोटार दाखविली, चालविली, फेरीही मारूं दिली. मात्र ती उचलून खालून पाहूं देण्यास त्यानें नकार दिला. दुसरीं गिऱ्हाइकें रांगेंत आहेत, घ्यावयाची असेल तर आजच घ्या, असें त्याचें म्हणणें पडलें.

मुलानें तेथूनच वडिलांस दूरध्वनि केला. आम्ही त्या वेळीं त्यांच्या ओट्यावर बसलों होतों. म्हातारबुवांनीं सर्व ऐकून घेतलें आणि शांतपणें एवढेंच म्हणाले, "बाळा, जो घोडेवाला तोंडाला हात लावूं देत नाहीं, त्याच्या घोड्याचे दांत आपण पाहिलेच असें समज. निघून ये."