सोनाराच्या पोराचा हिशोब

लोकलमध्ये रेंज जात असेल किंवा ऐकायला निवांत वेळ नसेल, तर हा एपिसोड इथे वाचून काढा. बोललो तेच आहे, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' कमी केलेत.

दिवाळीच्या आधी दोन दिवस मी पुण्यात एका हॉलमध्ये टेबलामागे बसलो होतो. माझी मावसबहीण, मी तिला ताई म्हणतो, चित्रं काढते आणि हाताने दागिने बनवते. टेराकोटाचे झुमके, तांब्याच्या तारेची पेंडंट वगैरे. मागे भिंतीला तिचे चार कॅनव्हास, पुढे टेबलावर दीडशे कानातले. माझं काम क्यूआर कोड पुढे करायचं आणि माल पिशवीत भरायचा. भाव मावशी सांभाळत होती. दोन दिवसांत कॅनव्हास एकही गेला नाही. कानातले भराभर गेले, आणि तरी दर तिसरं गिऱ्हाईक म्हणत होतं, "घरीच बनवता ना? मग एवढे कशाला?"

रात्री मी एक्सेल उघडलं. सवय वाईट, काय करणार. टेबलाचं भाडं, माती, भट्टी, रंग, आणि ताईचे तास. तासाला जो आकडा आला तो मी तिला दाखवला नाही. पण घरी सोडायला जाताना स्कूटरवर मागून तिनेच विचारलं, "चित्रं सोडून फक्त कानातलेच करू का रे?"

मी बीटेक माणूस, मी काय उत्तर देणार. पण हाच हिशोब 500 वर्षांपूर्वी एका माणसाने आयुष्यभर घातला, आणि त्याचे आकडे शिल्लक आहेत. त्याचं नाव आल्ब्रेख्ट ड्यूरर. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये 1471 साली जन्मला. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या चित्रकारांमध्ये त्याची गणना होते, पण आज आपण त्याची चित्रं बाजूला ठेवू आणि गल्ला बघू.

ड्यूररचा बाप सोनार. हंगेरीतून आलेला. घरात 18 मुलं जन्मली, मोठी झाली फक्त तीन. आल्ब्रेख्ट शाळा सोडून बापाच्या दुकानात बसला, नक्षी कोरायला शिकला. तेराव्या वर्षी त्याने आरशात बघून स्वतःचं एक चित्र काढलं, तेही चांदीच्या टोकाच्या लेखणीने. ही लेखणी खोडता येत नाही, रेघ चुकली की चुकली. ते चित्र आजही व्हिएन्नात आहे. मग पोरगं म्हणालं, मला सोनारकाम नको, चित्रकार व्हायचंय. बाप नाराज झाला, कारण शिकवण्यात घातलेली वर्षं फुकट गेली. ही नाराजी ड्यूररने स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे. शेवटी 1486 मध्ये बापाने त्याला मिखाएल वोल्गेमुट नावाच्या चित्रकाराकडे ठेवलं.

आता इथे गंमत बघा. ती वर्षं फुकट गेलीच नाहीत. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, खाचांत शाई भरायची, ओला कागद ठेवून दाबायचं, ही पद्धत मुळात सोनारांच्या दुकानातून आलेली. हत्यारही तेच, ब्युरिन नावाचं धारदार टोकाचं. सोनार कप-पेल्यांवर जी नक्षी कोरतो ती कागदावर दाबली की चित्र. लाकडाच्या ठशाचं कोरीव काम बहुतेक वेळा दुसरे कारागीर करायचे, पण तांब्याचे पत्रे ड्यूरर स्वतःच्या हाताने कोरायचा. चित्रकार तेव्हा बरेच होते. सोनाराचा हात असलेला चित्रकार ही वेगळीच गोष्ट होती.

आणखी एक योगायोग. त्याला नाव देताना मांडीवर घेणारा धर्मपिता होता आंटोन कोबेर्गर. हा गृहस्थही आधी सोनारच, मग धंदा सोडून छापखाना काढला आणि त्या काळातला बडा प्रकाशक झाला. म्हणजे छापलेल्या कागदात पैसा आहे हे पोराने लहानपणापासून बघितलेलं.

1498 मध्ये ड्यूररने 'अपोकॅलिप्स' हे बायबलमधल्या जगाच्या अंताचं पुस्तक काढलं. 15 मोठे ठसे, जर्मन आणि लॅटिन अशा दोन आवृत्त्या, आणि प्रकाशक स्वतःच. कुणा सरदाराची ऑर्डर नाही, चर्चची ऑर्डर नाही. आधी माल बनवला, मग गिऱ्हाईक शोधलं. तेव्हा चित्रकार साधारण उलटं करायचे, आधी ऑर्डर मग काम. आपल्याकडे राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईला प्रेस काढून हाच खेळ मांडला, तो चारशे वर्षांनंतर, आणि काही वर्षांत त्याला तो प्रेस विकावा लागला. छापखाना काढला म्हणजे पैसे सुटतात असं नाही.

ड्यूररचे सुटले, कारण विकणारी माणसं घरात होती. 1494 मध्ये त्याचं आग्नेस फ्रायशी लग्न झालं, 200 फ्लोरिन हुंडा आला. ही आग्नेस फ्रँकफुर्टच्या मोठ्या व्यापारी जत्रेत जाऊन नवऱ्याची छापचित्रं विकायची. सासू बार्बरा न्यूरेंबर्गच्याच उत्सवात विकायला बसायची. शिवाय 1497 मध्ये त्याने गावोगाव फिरून माल विकायला एक माणूस करार करून ठेवला होता. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर मावशीच येत होती, स्टीलचा डबा आणि सुट्टे पैसे घेऊन.

आता मुख्य हिशोब. 1507 च्या सुमारास फ्रँकफुर्टचा श्रीमंत व्यापारी याकोब हेलर याने चर्चसाठी एक मोठं चित्र सांगितलं. ठरलेली किंमत 130 फ्लोरिन. ड्यूररने हेलरला लिहिलेली पत्रं शिल्लक आहेत आणि ती वाचताना फ्रीलान्सिंग केलेल्या कुणालाही घाम फुटेल. काम लांबतंय, थरावर थर चढतायत, भारीतला निळा रंग लागतोय, 130 मध्ये परवडत नाही. मग तो 200 मागतो. हेलर चिडतो. ड्यूरर म्हणतो, नको असेल तर ठेवा, माझ्याकडे जास्त देणारं गिऱ्हाईक आहे. शेवटी 200 मिळाले. म्हणजे इतक्या महिन्यांच्या कामाचे पैसे त्याच्या हुंड्याएवढे.

तो निळा रंग, अल्ट्रामरीन, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला दगड कुटून व्हायचा. त्याची महागाई किती? पुढे 1521 मध्ये अँटवर्पला त्याने एक औंस चांगल्या निळ्यासाठी 12 डुकाट किमतीची छापचित्रं दिली. कागद देऊन रंग घेतला.

हेलरला एका पत्रात तो स्पष्टच सांगतो की असं बारीक रंगवणं मी आता सोडणार, कोरीवकामालाच चिकटणार, आणि आधीपासून तसं केलं असतं तर आज माझ्याकडे 1000 फ्लोरिन जास्त असते. ताईचा प्रश्न तोच की! याच पत्रव्यवहारात तो असंही म्हणतो की चित्र नीट जपलं तर 500 वर्षं ताजं राहील. 1729 मध्ये म्युनिकच्या राजवाड्याला आग लागली आणि ते जळालं. फ्रँकफुर्टमध्ये आज एक नक्कल आहे.

मग कागदाला किती मिळायचे? 1520-21 मध्ये तो बायकोला आणि मोलकरणीला घेऊन नेदरलँड्सला गेला आणि रोजची वही ठेवली. खानावळीचं बिल, कुणाला काय भेट दिली, जुगारात किती हरला, सगळं त्यात आहे. एका व्यापाऱ्याने 'छोटी पॅशन' या मालिकेच्या 16 प्रती घेतल्या, 4 फ्लोरिनला. तांब्यावर कोरलेल्या पॅशनच्या 6 प्रती घेतल्या, 3 फ्लोरिनला. पहिल्यात 37 लाकडी ठसे, पाव फ्लोरिनला एक संच. दुसऱ्यात जेमतेम 16 चित्रं, तरी अर्धा फ्लोरिन. सोनारी हाताचा भाव हा असा, दुप्पट. आणि पत्रा एकदा कोरला की पुन्हा कोरायचा नाही, फक्त छापायचा. हेलरचं चित्र एकदाच विकता येतं.

या धंद्याचं एक टोक आपल्या गोव्यातही आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिलेला एक गेंडा 1515 च्या जानेवारीत गोव्याहून जहाजावर चढला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. ड्यूररने तो पाहिलाही नाही. वर्णन आणि कुणाचं तरी रेखाटन यावरून त्याने लाकडी ठसा केला. गेंड्याला चिलखतासारखी पत्र्याची कातडी दिली, पाठीवर एक जास्तीचं शिंग दिलं. तुफान खपलं. तो मेल्यावरही कितीतरी वर्षं छापत होते.

खपणाऱ्या मालाची नक्कल होते. ताईचं एक झुमक्याचं डिझाइन आठवड्यात दुसऱ्या टेबलावर दिसलं होतं, तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती. 1512 मध्ये न्यूरेंबर्गच्या नगरपरिषदेच्या इमारतीपाशी एक विक्रेता ड्यूररची सही मारलेली खोटी छापचित्रं विकत होता. सही म्हणजे तो प्रसिद्ध मोठा ए आणि त्याच्या पायात डी. परिषदेने हुकूम दिला की सही काढून टाक, नाहीतर माल जप्त. नीट बघा, चित्र चोरू नको असं नाही म्हटलं, सही चोरू नको म्हटलं. संरक्षण मिळालं ते नावाला.

आणि ते नाव आलं कुठून? मला आधी वाटलं होतं, एपिसोडचा निष्कर्ष सरळ आहे, चित्र तोट्याचं, कागद फायद्याचा, सोड चित्र. पण व्हेनिसची पत्रं वाचली आणि ते डळमळलं. 1506 मध्ये तो व्हेनिसला होता, मित्र विलिबाल्ड पिर्कहायमरकडून उसने पैसे घेऊन. मित्राने त्याला मोती, पाचू, अंगठ्या घ्यायची कामं लावलेली, कारण सोनाराच्या पोराला दगड कळतो. हा गल्लोगल्ली फिरून लिहितोय की इथे सगळे फसवतात, फ्रँकफुर्टला स्वस्त मिळेल. तिथल्या चित्रकारांनी त्याला तीनदा पंचायतीपुढे बोलावून 4 फ्लोरिन वसूल केले. ते म्हणत होते, तुला कोरता येतं, रंग वापरता येत नाही. मग त्याने जर्मन व्यापाऱ्यांसाठी एक मोठं चित्र रंगवलं, 110 फ्लोरिनला. तेवढ्या वेळात दुसरी कामं करून 200 डुकाट मिळवले असते असं तो म्हणतो, तरी खूश आहे, कारण आता त्यांची तोंडं बंद झाली. तोट्याचा सौदा होता, आणि त्याने तो डोळे उघडे ठेवून केला. पुढे जत्रेत आग्नेसपुढे जी माणसं थांबायची, ती त्या सहीपुढे थांबायची.

तरी त्याचं पोट पूर्ण भरलं असं समजू नका. बादशहा माक्सिमिलियनने 1515 मध्ये वर्षाला 100 फ्लोरिन लावून दिले होते, 1519 मध्ये बादशहा गेला आणि पैसे अडले. नेदरलँड्सची ती सगळी वारी मुळात हे पेन्शन नव्या बादशहाकडून चालू करून घ्यायला होती. ते झालं. पण वहीत शेवटी त्याने लिहिलंय की या देशात माझ्या सगळ्या व्यवहारांत मी खोटीत आलो. त्याच वारीत ब्रुसेल्सला त्याने मेक्सिकोहून आलेला सोन्याचा सूर्य आणि चांदीचा चंद्र पाहिला, पुरुषभर रुंद. आयुष्यात इतकं मन आनंदून टाकणारं काही पाहिलं नाही, असं हा सोनार लिहितो, आणि ते करणाऱ्या दूरच्या कारागिरांच्या बुद्धीचं त्याला आश्चर्य वाटतं. 1524 मध्ये स्वतःच्या गावाच्या परिषदेला तो सांगतो की 30 वर्षांत तुमच्याकडून मला 500 फ्लोरिनचंसुद्धा काम मिळालं नाही.

1528 मध्ये तो गेला तेव्हा मागे 6874 फ्लोरिन होते. चांगली रक्कम. ती जमवण्यात जत्रेत बसणाऱ्या बाईचा वाटा किती, हे कुणी मोजलं नाही. उलट मित्र पिर्कहायमरने दोन वर्षांनी पत्रात लिहिलं की या बाईने पैशासाठी त्याला कामाला जुंपून मारलं. त्याच पत्रात तो चिडलाय की ड्यूररकडची सुंदर शिंगं आग्नेसने परस्पर स्वस्तात देऊन टाकली, त्याला दिली नाहीत. राग शिंगांचा होता की मित्राचा, तुम्हीच ठरवा. पुढची कित्येक शतकं लोक ते पत्र पुरावा म्हणून वापरत राहिले. आग्नेसने मात्र नवऱ्याचं अर्धवट राहिलेलं पुस्तक त्याच वर्षी छापून घेतलं, नकला करणाऱ्यांविरुद्ध परिषदेचा हुकूम मिळवला, आणि 1539 मध्ये मरेपर्यंत छापचित्रं विकत राहिली.

रेकॉर्डिंग मी आधी ताई आणि मावशीला ऐकवलं. मावशीला शिंगांचा किस्सा आवडला. ताई सध्या तिच्या एका कॅनव्हासमधला कोपरा लिनोच्या तुकड्यावर कोरतेय, पोस्टकार्डाएवढा. जानेवारीत पुन्हा टेबल घेतलंय. कॅनव्हास तीन लावणार आहे, आणि झुमक्यांचा भाव मावशीने वीस रुपयांनी वाढवलाय.