यंत्राला नाव कशाला?

संगणकांना नावं का दिली गेली, याचं ठरलेलं उत्तर असं की माणसाच्या लक्षात आकडे राहत नाहीत. उत्तर खोटं नाही, पण इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्याचा इतिहास चाळला की ते फार तोकडं वाटू लागतं. 1969 साली लॉस एंजेलिसचं यूसीएलए, मेन्लो पार्कची स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट, सांता बार्बराचं विद्यापीठ आणि यूटा विद्यापीठ जोडली गेली, तेव्हा त्यांचे क्रमांक होते 1, 2, 3 आणि 4. 1971च्या अखेरीसही जाळ्यावरचे होस्ट, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे संगणक, दोन डझनांच्या आसपासच होते. एवढे आकडे तिथल्या कुठल्याही प्रोग्रॅमरला तोंडपाठ असणार. तरी नावांचा वाद नेमका त्याच वर्षी सुरू झाला. म्हणजे अडचण स्मरणशक्तीची नव्हती, दुसरीच काही होती.

ती समजायला मुळात तो क्रमांक कशाचा होता हे पाहायला हवं. प्रत्येक ठिकाणी बीबीएन कंपनीने बांधलेला एक छोटा संगणक असे. त्याला आयएमपी म्हणत. संदेश पुढे ढकलण्याचं काम त्याचं, होस्ट फक्त त्याला जोडलेला. पत्ता आठ बिटांचा: सहा बिट कुठला आयएमपी ते सांगत, उरलेले दोन त्या आयएमपीच्या चार जोडण्यांपैकी कुठली ते. यूसीएलएच्या पहिल्या आयएमपीवरच्या पहिल्या होस्टचा क्रमांक 1, आणि त्याच आयएमपीच्या पुढच्या जोडणीवरच्या आयबीएम यंत्राचा क्रमांक 2 नव्हे, तर थेट 65. चौसष्ट अधिक एक. थोडक्यात, आकडा संगणकाचा नव्हताच, त्याची तार जिथे खोचली होती त्या जागेचा होता. चाळीत दारावरचा क्रमांक खोलीचा असतो, भाडेकरूचा नाही, तसंच हे. याला रचनेतली चूक म्हणण्याचा मोह होतो, पण तसं म्हणणं अन्यायाचं ठरेल. संदेश कुठल्या आयएमपीकडे जायचा हे पत्त्यातच लिहिलेलं असल्याने मधल्या कुणालाही होस्टांची यादी बाळगावी लागत नसे, आणि त्या काळच्या तुटपुंज्या स्मृतीत ही मोठी सोय होती. किंमत मात्र पुढे मोजावी लागली. यंत्र दुसऱ्या आयएमपीवर हलवलं की आकडा बदले. दोन ठिकाणी जोडलं की एकाच यंत्राला दोन पत्ते.

मग नावं. ती आधीपासून होतीच, आणि दुखणं तेच होतं. दूरच्या यंत्रावर शिरण्यासाठी लागणाऱ्या टेलनेट प्रोग्रॅममध्ये प्रत्येक संस्थेने आपापली टोपणनावं घालून ठेवली होती. माइटर या संस्थेच्या पेगी कार्प यांनी सप्टेंबर 1971मध्ये आरएफसी 226 हे टिपण काढून ती एकसारखी करण्याचा प्रस्ताव मांडला. त्याच महिन्यात जॉन पोस्टेल यांनी आपली यादी पुढे केली, आणि ऑक्टोबरात कार्प यांनी सुधारित संच दिला. यूसीएलए-एनएमसी, एसआरआय-एआरसी अशी आधी संस्था आणि मग प्रयोगशाळा सांगणारी नावं या काळातली. कुणी म्हणेल, ज्याने त्याने आपली टोपणनावं वापरली तर बिघडलं कुठे? स्वतःच्या टेबलापुरतं काही बिघडत नव्हतं. पण त्याच वर्षी रे टॉमलिन्सन यांनी वापरकर्ता आणि होस्ट यांच्यामध्ये ॲट हे चिन्ह ठेवून टपाल पाठवलं. अशा पत्त्यातलं होस्टचं नाव परक्या यंत्रावर जाऊन पोचतं, आणि तिथे त्याचा तोच अर्थ लागला नाही तर उत्तर परत येत नाही. 1973च्या डिसेंबरात पीटर डॉइच यांनी प्रत्येक ठिकाणी वेगळी आणि बहुधा शिळी यादी ठेवण्याच्या प्रकाराला हास्यास्पद ठरवलं ते यामुळेच. पुढे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या माहिती केंद्राने एक अधिकृत यादी राखली. होस्ट्स.टीएक्सटी ही ती फाइल. सगळे तिथूनच ती उतरवून घेत.

नावांवर सगळ्यांचं एकमत हवं, यावर वजनदार आक्षेप 1983चा आहे. त्या वर्षी पॉल मॉकापेट्रिस यांच्या डोमेन नेम सिस्टिमने ही मध्यवर्ती यादी मोडीत काढण्याचा मार्ग आखला; मग एकमताची गरज संपली नाही का? नाही. वाटली गेली ती नावं लिहिण्याची सत्ता. नावांच्या झाडाचं मूळ मात्र एकच राहिलं, कारण त्याची दोन झाली तर पुन्हा 1971चाच गोंधळ. आणि नाव जागेपासून सुटं करण्याचा फायदा खुद्द त्या माहिती केंद्राच्या यंत्रातच दिसतो. आयपी पत्त्यात अर्पानेटचा वाटा 10ने सुरू होई आणि शेवटी आयएमपीचा क्रमांक येई. जुनी खोड तिथेही उतरली होती. 1982च्या आरएफसीत एसआरआय-एनआयसी या होस्टचा पत्ता 10.0.0.73 आहे. लष्करी जाळं वेगळं निघाल्यानंतर, 1985मध्ये, याच होस्टचे 26.0.0.73 आणि 10.0.0.51 असे दोन पत्ते छापले आहेत. नाव तेच राहिलं, त्याला फक्त एक शेपूट जोडलं गेलं. पत्ता जागेला बांधलेला असण्याचं दुखणं मात्र आजच्या इंटरनेटमध्येही तसंच आहे.

विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिघांतही होस्ट्स नावाची फाइल अजून असते. तिच्यात हवं ते नाव हव्या त्या पत्त्याला लावता येतं. ते त्या एका संगणकावर चालतं, शेजारच्या संगणकावर नाही.